टॅपचा पहिला बूट : आधी पाऊल, मग आवाज

जून महिना उजाडला की बुटांच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘काका, एक नंबर मोठाच द्या. पुढच्या वर्षीही चालला पाहिजे.’ शाळेच्या बुटांचा हा हिशेब अनेक घरांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. पुढे कापूस कोंबायचा, नाडी करकचून बांधायची आणि वर्ष काढायचे. हाच हिशेब टॅप डान्सच्या बुटाला लावला, तर मात्र बचत बाजूला राहते आणि नडगी, टाच व घोट्याचे दुखणे पदरात पडते.

अमेरिकेत लहान मुलांच्या नृत्यवर्गांत बॅले आणि टॅप एकत्र शिकवण्याची पद्धत आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही या वर्गांना जातात. आपल्याकडेही पन्नाशीच्या पुढची काही मंडळी व्यायाम आणि छंद म्हणून टॅपकडे वळू लागली आहेत. अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो बुटाचा. बहुतेक जण बूट हातात घेऊन तो जमिनीवर आपटून पाहतात आणि खणखणीत वाजला की घेऊन टाकतात. खरे तर पाहायला हवे ते उलट क्रमाने. आवाज नंतर सुधारता येतो, चुकीच्या मापाचा बूट सुधारता येत नाही.

बूट नव्हे, वाद्य

टॅप जन्मला अमेरिकेत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची लयीची परंपरा आणि आयर्लंड-इंग्लंडमधून आलेल्या स्थलांतरितांची पदन्यासाची नृत्ये यांच्या मिलाफातून तो घडला. 1840च्या दशकात ‘मास्टर ज्युबा’ या नावाने गाजलेला विल्यम हेन्री लेन हा त्याच्या आद्य कलावंतांपैकी एक. तेव्हा आवाज निघे तो लाकडी किंवा कडक चामड्याच्या तळाचा. धातूच्या पट्ट्या रुळल्या त्या विसाव्या शतकात. ‘बोजँगल्स’ म्हणून ओळखला जाणारा बिल रॉबिन्सन तर लाकडी तळाचे बूट घालूनच नाचे. त्याचा जन्मदिवस, 25 मे, अमेरिकेत 1989पासून राष्ट्रीय टॅप नृत्य दिन म्हणून साजरा होतो.

आजच्या बुटाला तळाशी दोन पट्ट्या असतात. एक चवड्याच्या पुढच्या भागाखाली, दुसरी टाचेखाली. त्यांनाच ‘टॅप’ म्हणतात. त्या बहुधा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात. पट्टी जमिनीवर आदळली की पट्टी, बुटाचा तळ आणि खालची जमीन असे तिन्ही मिळून कंप पावतात. म्हणूनच एकच बूट लाकडी मंचावर भरदार वाजतो आणि कोब्यावर कोरडा. जुन्या चित्रपटांतील टॅपचा टपोरा आवाज ऐकून नवा बूट घेणाऱ्यांची अनेकदा निराशा होते. ते आवाज बऱ्याचदा नाच चित्रित झाल्यावर स्टुडिओत वेगळे ध्वनिमुद्रित केलेले असत.

पाऊल नेमके काय करते?

माणसाच्या एका पावलात 26 हाडे असतात. टॅपमध्ये सगळे काम घोट्यापासून खालच्या भागाचे. ‘शफल’ ही अगदी सुरुवातीची हालचाल घ्या. घोटा सैल सोडून पाऊल पुढे झटकायचे आणि लगेच मागे ओढायचे. दोन्ही वेळा पट्टी जमिनीला ओझरती घासली पाहिजे. पाऊल वर उचलण्याचे काम नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू करतो, खाली ढकलण्याचे पोटरीचे स्नायू. चवड्यावर उभे राहिले की शरीराचा भार बोटांच्या मागच्या लांब हाडांच्या टोकांवर येतो.

आता बूट एक नंबर मोठा असेल तर काय होते? तो निसटू नये म्हणून बोटे आतल्या आत आवळली जातात. हे कळतही नाही. बोटे आवळली की तळव्याचे आणि नडगीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. म्हणजे ज्या घोट्याने सैल राहायचे, तोच आखडतो. आवाज अडखळतो, शिकणारा आणखी जोर लावतो आणि नडगी आणखी दुखते. शिवाय पुढची पट्टी बोटांच्या टोकांपासून बरीच पुढे गेलेली असते. त्यामुळे पाऊल अंदाजापेक्षा आधीच जमिनीला लागते आणि तोल जातो. टाच आत-बाहेर सरकत राहिल्याने फोड येतात, घोटा मुरगळण्याची शक्यताही वाढते.

घट्ट बुटाचे दुष्परिणाम वेगळे. बोटे एकमेकांवर दाबली जातात, अंगठ्याचे नख काळे पडते, भोवरी होते. चवड्याचा भाग सतत चेपला गेला तर दोन हाडांमधून जाणाऱ्या नसेवर दाब येऊन बोटांत मुंग्या किंवा जळजळ जाणवते. ‘नवा बूट चावतोच, वापरून सैल होईल’ हे इथे अर्धेच खरे. चामडे रुंदीत थोडे सैल होते, लांबीत नाही.

दुकानात काय पाहावे?

बूट घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभरात पाऊल थोडे फुगते आणि बहुतेक वर्गही संध्याकाळीच असतात. नाचताना जे मोजे घालायचे, तेच घालून माप घ्यावे. माप उभे राहून आणि दोन्ही पावलांचे घ्यावे. अनेकांचे एक पाऊल किंचित मोठे असते, नंबर ठरवायचा तो त्या मोठ्या पावलावरून. वयाबरोबर पावलाचे अस्थिबंध सैल होऊन ते पसरते. म्हणून पन्नाशीतल्या व्यक्तीने तिशीतला नंबर गृहीत धरू नये. गरोदरपणानंतरही अनेकींचे माप बदलते.

नृत्याच्या बुटांचे नंबर रोजच्या बुटांशी जुळतीलच असे नाही. 1887मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली कॅपेझिओ किंवा 1932मध्ये सिडनीत सुरू झालेली ब्लॉक या जुन्या कंपन्यांची मापेही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. परदेशातून मागवायचा असेल, तर पावलाची लांबी-रुंदी कागदावर आखून सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि त्या-त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडावी. बदलून मिळण्याची सोय आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारावे.

बूट पायात घातल्यावर नाडी किंवा पट्टा पूर्ण बांधून या गोष्टी पाहाव्यात :

• बोटे सरळ पसरलेली हवीत. ती पुढच्या टोकाच्या अगदी जवळ असावीत, पण वळलेली नसावीत. चालण्याच्या बुटात पुढे अंगठाभर जागा सोडतात, तेवढी इथे नको.

• चवड्यांवर उभे राहिल्यावर टाच बुटातून निघता कामा नये. पाऊल जिथे वाकते, तिथेच बूट वाकला पाहिजे.

• पाय उचलून घोटा सैल झटकावा. बूट पावलाबरोबर हलला पाहिजे, मागून लोंबकळत नाही.

• बूट उलटा करून पट्ट्यांच्या कडेवरून जपून बोट फिरवावे. स्क्रूचे डोके वर आलेले किंवा कडा धारदार असेल तर तो जोड नाकारावा.

तळ, टाच आणि स्क्रू

पहिल्या जोडाचा तळ अखंड असलेला बरा. मधे तुटक तळ असलेले, म्हणजे ‘स्प्लिट सोल’ बूट लवचीक असतात आणि पावलाची कमान छान दाखवतात. पण नवशिक्याच्या पावलाला आधार लागतो आणि अखंड तळाच्या विरोधाने स्नायूही बळकट होतात. टाच बसकी, इंचभराची पुरे. टाच जितकी उंच, तितका भार चवड्यावर सरकतो आणि तोल सांभाळणे अवघड जाते. नाडीचा बूट पावलाला चहूबाजूंनी धरून ठेवतो. लहान मुलींसाठी पट्ट्याचे बूट चालतात, पण पट्टा घट्ट बसणारा हवा.

स्वस्त बुटांच्या पट्ट्या अनेकदा रिव्हेटने कायमच्या ठोकलेल्या असतात. स्क्रूने बसवलेल्या पट्ट्या थोड्या महाग पडतात, पण त्या घट्ट-सैल करून आवाज जुळवता येतो : घट्ट असतील तर कोरडा आणि नेमका, जरा सैल असतील तर किणकिणता. झिजल्या तर नव्या बसवता येतात. नाचताना स्क्रू हळूहळू ढिले होतात, म्हणून वर्गाच्या पिशवीत छोटा पेचकस असावा. वर आलेला स्क्रू जमिनीवर ओरखडे काढतो आणि पाय अडकवतोही. पट्टीमागे तळाला रबराचा पातळ थर लावला तर घसरण कमी होते.

तयार बूट मिळत नसल्यास चांगल्या चामडी बुटावर कारागिराकडून पट्ट्या बसवून घेता येतात. मात्र तळ स्क्रू धरून ठेवण्याइतका जाड आणि टणक हवा. रबरी तळाच्या बुटावर हा उपाय करू नये.

फरशी विसरू नका

बूट कितीही चांगला असला, तरी खालची जमीन चुकीची असेल तर उपयोग नाही. टॅपसाठी योग्य असतो तो खाली पोकळी असलेला, किंचित दबणारा लाकडी मंच. आपल्या घरांत मात्र स्लॅबवर लादी किंवा गुळगुळीत टाइल असते. स्लॅब दबत नाही, त्यामुळे प्रत्येक आघात परत पायात येतो, आणि टाइलवर धातूची पट्टी साबणासारखी घसरते. घरी सराव करायचा तर जाड प्लायवूडची साधारण तीन फूट बाय चार फूट फळी घ्यावी आणि तिच्याखाली न सरकणारी जाड चटई घालावी. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची दुपारही मग शाबूत राहते. टॅपचे बूट घालून जिने उतरू नयेत की रस्त्यावर चालू नये. वर्गात पोचल्यावरच ते पायात चढवावेत.

दुखणे कधी मनावर घ्यावे?

पहिले दोन-तीन आठवडे पोटऱ्या भरून येणे स्वाभाविक आहे. पण नडगीवर किंवा पावलात बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तिथे दाबल्यावर कळ येत असेल किंवा विश्रांतीतही ठणका राहत असेल, तर नाच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडाला बारीक तडा गेल्याचे ते लक्षण असू शकते. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची टाच उड्या मारल्यावर वारंवार दुखत असेल, तर ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून देऊ नये. या वयात टाचेच्या हाडाचा वाढता भाग ताणाने दुखावू शकतो. मुलांच्या बुटांचे माप दर तीन महिन्यांनी तपासावे. वाढीची सोय मोठा नंबर घेऊन करण्यापेक्षा लहान झालेला जोड वर्गातल्या धाकट्या मुलाला देणे केव्हाही चांगले.

मधुमेह असलेल्यांनी आणखी जपायला हवे. पावलाची संवेदना कमी झाली असेल, तर बूट चावल्याचे कळतच नाही आणि साध्या फोडाची जखम चिघळते. नाच सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत आणि प्रत्येक वर्गानंतर तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात.

आपल्याकडच्या कथकात हा क्रम पूर्वापार चालत आला आहे. अनेक गुरू आधी अनवाणी तत्कार पक्के करून घेतात, मग थोडे घुंगरू बांधायला देतात आणि पायात बळ येईल तशी त्यांची संख्या वाढवतात. अमेरिकेत स्थायिक झालेले कथक गुरू पंडित चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युअल्स स्मिथ यांनी ‘इंडिया जॅझ स्वीट्स’ या कार्यक्रमात एकाच मंचावर सवाल-जवाब केले. एकाच्या अनवाणी पायात घुंगरू, दुसऱ्याच्या पायात पट्ट्यांचे बूट. पावलावरचा ताबा मात्र दोघांनाही सारखाच लागत होता.

म्हणूनच घाई करू नये. पहिले काही वर्ग कडक तळाच्या साध्या चामडी बुटावर चालतील का, असे शिक्षकांना विचारावे. महिनाभराने शिकण्याची गोडी टिकली आहे आणि पाय कुरकुरत नाहीत असे दिसले, की संध्याकाळी मोजे बरोबर घेऊन दुकान गाठावे. आणि तिथे ‘एक नंबर मोठा’ मागू नये.