स्टेज त्यांचं, टेबलं मात्र गोऱ्यांची

जॅझ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर झगमगते दिवे, सॅक्सोफोन आणि नाचणारी जोडपी येत असतील. पण या झगमगाटात एक बंद दारही होतं.

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९२३ साली कॉटन क्लब सुरू झाला. गाणारे, वाजवणारे, नाचणारे सगळे कृष्णवर्णीय, समोर बसणारे मात्र गोरे. १९२७ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद इथे आला. रेडिओमुळे त्यांचं संगीत अमेरिकेत घरोघरी पोहोचलं, पण हार्लेमच्याच सामान्य कृष्णवर्णीय कुटुंबाला आत बसून ते ऐकता येत नव्हतं.

१९३८ च्या अखेरीस बार्नी जोसेफसन यांनी याच शहरात कॅफे सोसायटी उघडलं. तिथे दोघंही शेजारी शेजारी बसू लागले. १९३९ मध्ये बिली हॉलिडे तिथे 'स्ट्रेंज फ्रूट' गाऊ लागल्या. कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारलं जाई, त्यावरचं हे गाणं. ते सुरू होताना वेटर थांबत, दिवे मालवले जात आणि प्रकाश फक्त बिलींच्या चेहऱ्यावर राही.

आज रात्री जेवणं आटोपली की घरच्यांना एलिंग्टन यांची एखादी धून ऐकवा. पाय ठेका धरू लागले की त्या बंद दाराची गोष्टही जरूर सांगा.