फोन आपला, तर किल्लीही आपली

फोनचा पडदा शाबूत आहे, बॅटरी दिवसभर टिकते आहे, पण कंपनीने अपडेट देणे थांबवले आहे. अशा वेळी अनेक जाणकार फोनवर लिनिएजओएससारखी पर्यायी ऑपरेटिंग सिस्टीम बसवतात. 2016च्या अखेरीस सायनोजेनमॉड बंद पडले आणि त्याच कोडमधून ती पुढे आली. काहींना जुन्या फोनपेक्षा खासगीपणाची काळजी अधिक असते. ते ग्राफीनओएसकडे वळतात. जानेवारी 2023मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखाली तयार झालेल्या ‘भारओएस’ची केंद्रीय मंत्र्यांनी चाचणी घेतली, तेव्हा आपल्याकडेही हा विषय गाजला. पण ही सारी चर्चा सॉफ्टवेअरभोवतीच फिरते. पर्यायी सिस्टीम कितपत सुरक्षित ठरेल, हे बऱ्याच अंशी फोन कारखान्यातून बाहेर पडतानाच ठरलेले असते.

उघडता येते, लावता येते का?

फोन सुरू करताच सर्वांत आधी चालतो तो चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम. तो बूटलोडरवरची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमवरची, निर्मात्याची डिजिटल सही तपासतो आणि बूटलोडर मग ऑपरेटिंग सिस्टीमवरची सही तपासतो. सही जुळली नाही, तर फोन पुढे जात नाही. या साखळीला ‘व्हेरिफाइड बूट’ म्हणतात. हल्लेखोराने सिस्टीममध्ये फेरफार केला, तरी पुढच्या वेळी फोन सुरू होताना तो पकडला जातो. सिस्टीमची किमान कोणती आवृत्ती चालेल, याची नोंदही सुरक्षित जागी असते. त्यामुळे भोके माहीत असलेली जुनी आवृत्ती गुपचूप परत घालता येत नाही.

पर्यायी सिस्टीमवर निर्मात्याची सही नसते. ती बसवायची तर बूटलोडर अनलॉक करावा लागतो आणि तेव्हा फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. बहुतेक फोनची गोष्ट इथेच थांबते. नवी सिस्टीम चालू लागते, पण कुलूप उघडेच राहते. असा फोन थोडा वेळ हाती लागला, तरी कोणीही सिस्टीममध्ये बदल करू शकतो. सॅमसंगच्या फोनमध्ये तर अनधिकृत सिस्टीम चढवली की आतला सूक्ष्म फ्यूज कायमचा उडतो. मूळ सिस्टीम परत घातली, तरी ‘नॉक्स’ या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेवर अवलंबून असलेल्या सोयी परत मिळत नाहीत.

गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये मात्र नव्या सिस्टीमची सही पडताळणारी किल्ली नोंदवून बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो. मग फोन नवी सहीही तितक्याच कठोरपणे तपासतो. सुरू होताना पिवळ्या खुणेसह सूचना दिसते, किल्लीचा ठसाही दिसतो आणि तो मालकाला पडताळून पाहता येतो. गूगलपासून अंतर राखू पाहणारी ग्राफीनओएस गूगलच्याच फोनवर वाढली, याचे हे एक मोठे कारण.

पिनची राखण

सहा आकडी पिनच्या फक्त 10 लाख शक्यता असतात. संगणकाने त्या सलग तपासल्या, तर एन्क्रिप्शन निरर्थक ठरेल. म्हणून 2018च्या पिक्सेल 3मध्ये ‘टायटन एम’ ही स्वतंत्र सुरक्षा चिप आली आणि 2021च्या पिक्सेल 6मध्ये ‘टायटन एम2’. डेटा उलगडायला लागणारे गुपित ही चिप जपते आणि पिन चुकत गेला की पुढच्या प्रयत्नाआधी थांबायला लावते. हा प्रतीक्षाकाळ वाढत वाढत एका प्रयत्नामागे अख्ख्या दिवसापर्यंत जाऊ शकतो. त्या गतीने सगळे पिन तपासायला सुमारे 2,700 वर्षे लागतील. शिवाय मालकाच्या पिनशिवाय चिपचे फर्मवेअर बदलता येत नाही. म्हणजे निर्मात्यालाही मागच्या दाराने आत शिरता येत नाही.

मोडेम आणि मेमरी

मोबाइल नेटवर्कशी जोडणारा फोनचा मोडेम हा स्वतःचे सॉफ्टवेअर असलेला वेगळा संगणकच आहे. मार्च 2023मध्ये गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ पथकाने सॅमसंगच्या एक्सिनॉस मोडेममधल्या 18 त्रुटी जाहीर केल्या. त्यांतल्या चार अशा होत्या, की मोडेमचा ताबा घ्यायला हल्लेखोराला केवळ फोन नंबर माहीत असणे पुरेसे होते. पिक्सेल 6 आणि 7 हे फोनही त्यात सापडले होते. कोणताच मोडेम निर्दोष नसतो. म्हणूनच त्याला फोनच्या मेमरीच्या ठरवून दिलेल्या भागापलीकडे हात घालता येऊ नये, अशी अडवणूक हार्डवेअरमध्येच हवी.

मेमरीचा प्रश्न त्याहून जुना आहे. क्रोमियम ब्राउझरच्या गंभीर सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे 70 टक्के त्रुटी मेमरी चुकीच्या पद्धतीने हाताळल्यामुळे होतात, असे त्याच्याच अभियंत्यांना आढळले. यावर ‘मेमरी टॅगिंग’चा उपाय आहे. मेमरीच्या दर 16 बाइटना 4 बिटची खूण दिली जाते आणि त्या मेमरीकडे बोट दाखवणाऱ्या पत्त्यालाही तीच खूण असते. खुणा जुळल्या नाहीत, तर प्रोग्रॅम तिथेच बंद पाडता येतो. 2023च्या पिक्सेल 8मध्ये ही सोय आली आणि ग्राफीनओएसने ती आपल्या संरक्षणाचा भाग केली. ही सोय चिपमध्येच नसेल, तर कितीही कुशल प्रोग्रॅमर ती मागाहून आणू शकत नाही.

जुन्या फोनबाबतची कटू गोष्टही हीच. मोडेम आणि इतर भागांच्या फर्मवेअरवर निर्मात्याचीच सही चालते. निर्मात्याने हात झटकले, की लिनिएजओएस अँड्रॉइडचा भाग ताजा ठेवते, पण खालची भोके तशीच राहतात. पिक्सेल 8पासून गूगलने सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली आहे. फोनची किंमत ठरवताना हा आकडा कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलहून मोलाचा मानायला हवा.

मान्यता कोण देणार?

एवढे सगळे जुळून आले, तरी बँकांची काही ॲप्स अशा फोनवर चालत नाहीत. ती गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’वर विसंबतात आणि तिथे सिस्टीमला गूगलचे प्रमाणपत्र आहे का, हे पाहिले जाते. वास्तविक फोनची चिप स्वतःच ग्वाही देऊ शकते, की कुलूप लावलेले आहे आणि सिस्टीमवर अमुक किल्लीची सही आहे. बँकांनी ही ग्वाही थेट तपासली, तर सुरक्षितता कमी होणार नाही. यूपीआयशिवाय ज्याचा दिवस जात नाही, अशा आपल्या देशात ही मागणी लावून धरली पाहिजे.

केंद्र सरकारच्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर मोबाइल हे एक क्षेत्र आहे. तिथे सुट्या भागांबरोबर आणखी तीन गोष्टींची माहिती सक्तीची व्हावी: बूटलोडर अनलॉक होतो का, दुसऱ्या किल्लीने तो पुन्हा लॉक करता येतो का आणि फर्मवेअरचे अपडेट किती वर्षे मिळणार. या तीन उत्तरांवरून विकत घेतलेल्या फोनवर आपला हक्क किती, हे ग्राहकाला पैसे मोजण्याआधीच कळेल.