‘आफ्रिकेचा तारा’: दंतकथा आणि दाखले

दुसऱ्या महायुद्धात ‘आफ्रिकेचा तारा’ म्हणून गाजलेल्या हान्स-योआखिम मार्सेय या जर्मन वैमानिकाला शत्रूनं पाडलं, असं अनेकांना वाटतं. अवघा बावीस वर्षांचा, 158 विमानं नावावर असलेला पोरगा लढाईतच गेला असणार, असं आपण गृहीत धरतो. 30 सप्टेंबर 1942 च्या त्या उड्डाणात मात्र त्याची शत्रूशी गाठही पडली नव्हती. मेसरश्मिट 109 या लढाऊ विमानाचं जी-2 हे नवं मॉडेल तुकडीत नुकतंच आलं होतं. इजिप्तच्या वाळवंटावरून परतताना इंजिनानं पेट घेतला आणि कॉकपिट धुरानं भरलं. त्याला समोरचं दिसेना, तेव्हा साथीदार रेडिओवरून दिशा सांगत राहिले. आपल्या हद्दीत आल्यावर त्यानं विमान उलटं करून बाहेर उडी घेतली. पण तोवर विमान नाक खाली करून कोसळू लागलं होतं. शेपटीचा उभा भाग त्याच्या छातीवर आदळला, पॅराशूट उघडलंच नाही.

तो उपजतच अजिंक्य होता, हेही खरं नाही. 1940 मध्ये इंग्लिश खाडीवर त्यानं सात विमानं पाडल्याचा दावा केला, पण स्वतःचीही अनेक गमावली. बेशिस्तीला कंटाळून स्टाइनहोफ या त्याच्या वरिष्ठानं त्याला दुसरीकडे धाडलं. तिथे एडुआर्ड नॉयमान या कमांडरनं त्याला सांभाळून घेतलं. एप्रिल 1941 मध्ये लिबियात पोचल्यावरही जेम्स डेनिस या फ्रेंच वैमानिकानं त्याला दोनदा जमिनीवर आणलं. मग परतीच्या वाटेवर आपल्याच सोबत्यांवर खोटे हल्ले चढवून त्यानं सराव केला. वळणाऱ्या विमानावर नेम न धरता, ते क्षणभरानं जिथे असेल तिथे गोळ्या सोडायच्या, हे त्याचं कसब असं घोटून आलेलं होतं.

158 हा आकडा म्हणजे जर्मनांनी मान्य केलेले दावे. धुमश्चक्रीत एकच विमान दोघांच्या खात्यात जाणं, धूर सोडणारं विमान पडलंच असं समजणं, हे सगळ्याच हवाई दलांत घडे. तेव्हा 1 सप्टेंबर 1942 या एका दिवसातले 17 बळी वाचताना ‘दावा’ हा शब्द मनात ठेवावा. शिवाय तो जर्मनीचा अव्वल वैमानिकही नव्हे. एरिक हार्टमानच्या नावावर 352 दावे आहेत.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की त्याच्यामुळे वाळवंटात जर्मन सेनापती रोमेलची बाजू वरचढ राहिली. मार्सेयनं पाडलेली विमानं बहुतेक हरिकेन, टॉमाहॉक आणि किटीहॉक, म्हणजे लढाऊ विमानं. बॉम्बर त्यात नगण्य. त्या 17 दाव्यांच्या दिवशी आलम हाल्फाची लढाई चालू होती आणि ब्रिटिश बॉम्बर रोमेलच्या रणगाड्यांना, ट्रकांना झोडपत होते. ती लढाई रोमेल हरला. उलट जूनमध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातलं लिबियातलं तोब्रुक रोमेलनं जिंकलं आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण तिथे कैद झाली, तेव्हा हा तारा जर्मनीत सत्कार घ्यायला गेला होता! त्याच्या खात्यानं वृत्तपट भरले. युद्धाचं पारडं पेट्रोल, जहाजं आणि बॉम्ब यांनी फिरवलं.

तो मनातून नाझीविरोधी होता, असंही सांगतात. मॅथ्यू लेटुलू या कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी युद्धकैद्याशी त्याची मैत्री होती, याचा दाखला दिला जातो. मैत्री होती हे मान्य. पण बंडखोरीच्या बहुतेक गोष्टी युद्धानंतर सोबत्यांच्या आठवणींतून आल्या, आणि 1957 च्या ‘डेर श्टेर्न फोन आफ्रिका’ (आफ्रिकेचा तारा) या चित्रपटानं त्याला आणखी देखणं केलं. जिवंतपणी त्यानं हिटलरच्या हातून पदक घेतलं आणि प्रचारयंत्रणेनं त्याचा चेहरा मनसोक्त वापरला. हाम्बुर्गजवळच्या आपेन इथल्या लष्करी तळाला त्याचं नाव होतं. जर्मन लष्करानं 2021 मध्ये ते काढून युर्गेन शुमान यांचं दिलं: 1977 मध्ये अपहरणकर्त्यांनी गोळी घातलेले लुफ्थान्साचे वैमानिक.