गटावर येणारी फाइल आणि विस्तार कार्यकर्त्याचा मोबाईल

पिकावरील किडीचे छायाचित्र मोबाईलवर काढून तज्ज्ञांकडे पाठविणे आता गावोगावी अंगवळणी पडले आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचे ॲपही याच सवयीवर उभे आहे. हवामान, बाजारभाव, पीक विमा, सन्मान निधी अशा जवळजवळ प्रत्येक कामासाठी आज कोणते ना कोणते ॲप लागते आणि ते घेण्याचा सल्ला शेतकऱ्यास बहुधा विस्तार कार्यकर्ताच देतो. हीच विश्वासाची वाट आता आर्थिक फसवणूक करणाऱ्यांनीही धरली आहे.

या फसवणुकीचे सर्वाधिक आढळणारे रूप पंतप्रधान किसान सन्मान निधीच्या नावाने येते. या योजनेत पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६००० रुपये, २००० रुपयांच्या तीन हप्त्यांत मिळतात. हप्ता जमा होण्याचे दिवस जवळ आले, की ‘लाभार्थी यादी’, ‘ई-केवायसी अपडेट’ अशा नावाची फाइल व्हॉट्सॲप गटावर येते. सोबत ‘आजच पूर्ण करा, अन्यथा नाव वगळले जाईल’ असा मजकूर असतो. कीड जशी पिकाच्या नाजूक अवस्थेतच येते, तशी ही फाइलही शेतकरी पैशाची वाट पाहत असतानाच येते. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाचे चलन या नावानेही अशाच फाइली फिरतात. यादी किंवा पत्रिका म्हटले, की ती पीडीएफ असेल असे वाटते. परंतु नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. एपीके म्हणजे वाचावयाचा कागद नव्हे, तर अँड्रॉइड मोबाईलवर बसविला जाणारा आख्खा प्रोग्राम होय.

अशा फाइलीवर बोट ठेवताच मोबाईल स्वतःहून सावध करतो. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून व्हॉट्सॲपसारख्या ठिकाणाहून आलेले ॲप बसविण्यासाठी त्या ठिकाणास स्वतंत्र परवानगी द्यावी लागते. ही सूचना घाईत मान्य केली जाते. त्यानंतर नवे ॲप हुबेहूब सरकारी चिन्ह दाखवून संदेश वाचण्याची, सूचना पाहण्याची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ या नावाची परवानगी मागते. ही शेवटची सोय मुळात दृष्टिहीन व दिव्यांग व्यक्तींसाठी आहे. ती मिळालेले ॲप पडद्यावरील मजकूर वाचू शकते आणि वापरकर्त्याच्या वतीने बटणेही दाबू शकते. निदानाच्या दृष्टीने हेच सर्वांत स्पष्ट लक्षण मानावे. लाभार्थी यादी दाखविण्यासाठी कोणाचेही एसएमएस वाचावे लागत नाहीत.

येथे नेहमीचा सल्ला अपुरा पडतो. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे वाक्य गेली अनेक वर्षे प्रत्येक मेळाव्यात सांगितले गेले आणि ते आजही खरे आहे. मात्र संदेश वाचण्याची परवानगी मिळविलेल्या बनावट ॲपला ओटीपी विचारावाच लागत नाही. बँकेचा संदेश मोबाईलवर उतरताच ते तो परस्पर दुसरीकडे पाठविते. खाते रिकामे झालेला शेतकरी ‘मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो पूर्णपणे खरे बोलत असतो. त्याला निष्काळजी ठरविण्याची घाई करू नये. कामगंध सापळ्यात नर पतंग येतो तो गंधाची नक्कल अचूक असते म्हणून.

नुकसान एका खात्यापुरते थांबत नाही. व्हॉट्सॲपची नव्या मोबाईलवर नोंदणी सहा अंकी संकेतांकावर होते आणि तोही एसएमएसने येऊ शकतो. तो हाती लागला, की मूळ मालकाचे व्हॉट्सॲप खाते भामट्याच्या मोबाईलवर सुरू होते आणि त्याच्या सर्व गटांत तीच फाइल त्याच्याच नावाने जाते. पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पिवळा मोझॅक नेते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे वाहक जितका विश्वासू, तितका प्रसार वेगवान. गटांत शेकडो शेतकरी असलेल्या विस्तार कार्यकर्त्याचा मोबाईल म्हणूनच सर्वांत मोलाचा. ‘साहेबांनी पाठविले आहे’ एवढ्यावर गावात फाइल उघडली जाते.

त्यामुळे संरक्षणाची सुरुवात कार्यकर्त्याने स्वतःच्या मोबाईलपासून करावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून सहा अंकी पिन ठेवावा. मग केवळ एसएमएसच्या संकेतांकावर खाते पळविता येत नाही. दोन मिनिटांचे हे काम बहुतेकांनी केलेले नसते, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. सल्ल्याच्या गटात केवळ प्रशासकच संदेश पाठवू शकतील अशी सोय ठेवावी. चर्चेसाठी हवा तर दुसरा गट असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणतेही ॲप, अगदी अस्सल सरकारी ॲपसुद्धा, फाइलरूपाने कधीही पुढे पाठवू नये. एकदा खरी एपीके फाइल गटावर आली, की शेतकऱ्यास तो मार्ग योग्य वाटू लागतो आणि पुढची खोटी फाइल त्याच मार्गाने आत येते. ॲपचे नाव सांगावे आणि ते प्ले स्टोअरमधून घेण्यास सांगावे. तेथेही नकली ॲप अधूनमधून शिरतात, म्हणून नावाखाली दिलेली प्रकाशक संस्था वाचूनच पुढे जावे.

दुवा आला असल्यास पत्ता नीट पाहावा. आरंभीच्या दोन तिरप्या रेषा सोडून पुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगत आधीचा भाग केंद्रीय योजनांच्या बाबतीत सहसा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा असतो. ‘पीएमकिसान’ आणि ‘जीओव्ही’ हे शब्द पत्त्यात अन्यत्र कोठेही असले तरी त्यांना अर्थ नाही. सन्मान निधीची ई-केवायसी अधिकृत संकेतस्थळावर ओटीपीने, सामाईक सेवा केंद्रात बोटांच्या ठशाने किंवा अधिकृत ॲपमध्ये चेहरा दाखवून करता येते. त्यासाठी व्हॉट्सॲपवरील फाइलीची गरज कधीही पडत नाही. शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत विचारता येते.

एवढे करूनही फाइल बसविली गेलीच, तर पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. मोबाईलचे इंटरनेट तत्काळ बंद करावे. सिमकार्ड काढून साध्या बटणांच्या मोबाईलमध्ये घालावे, म्हणजे पुढचे ओटीपी बाधित मोबाईलपर्यंत पोहोचणार नाहीत. घरात जुना मोबाईल जपून ठेवण्याचा हा एक अनपेक्षित उपयोग. त्यानंतर बँकेला कळवून खाते व यूपीआय थांबवावे आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हा क्रमांक देशभर एकच असून ऑनलाइन तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ येथे करता येते. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ती गोठविण्याची शक्यता राहते. सकाळी बँक उघडेपर्यंत थांबणे महागात पडते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानेही ग्राहकाची जबाबदारी त्याने बँकेला किती लवकर कळविले यावरच बेतली आहे. ग्राहकाची चूक असली, तरी कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेकडे जाते. म्हणून तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून ठेवावी.

आलेला संदेश पुरावा म्हणून लागतो, तो पुसू नये. त्याचे छायाचित्र दुसऱ्या मोबाईलने घ्यावे. अशी काही ॲप आपले चिन्ह पडद्यावरून लपवितात, त्यामुळे ‘ॲप दिसत नाही, म्हणजे गेले’ असे समजू नये. सेटिंगमधील ॲपच्या यादीतून ते काढता न आल्यास छायाचित्रे व क्रमांक अन्यत्र उतरवून मोबाईल मूळ स्थितीत आणणे हाच खात्रीचा उपाय होय. बँकेचे सांकेतिक शब्द त्यापूर्वी दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून बदलावेत.

फाइल स्वतःच्या नावाने गटात गेली असेल, तर गटातील सदस्यांना त्याच दिवशी प्रत्यक्ष दूरध्वनी करून कळवावे. व्हॉट्सॲपवरील खुलासा पुरेसा नाही, कारण त्या वेळी ते खाते कोणाच्या हाती आहे हे समोरच्यास कळण्याचा मार्ग नसतो. अनेक जण संकोचाने हे टाळतात आणि तेवढ्या वेळात आणखी काही मोबाईल बाधित होतात.