व्हिसा माफ, कागद माफ नाहीत

"तिथे व्हिसा लागत नाही" एवढे ऐकले की आपले काही व्यापारी बंधू लगेच तिकिटाची चौकशी सुरू करतात. करकंबच्या पेठेतही आता अशी चर्चा होते. परंतु बिनव्हिसा म्हणजे बिनकागद नव्हे.

नेपाळचा मामला सोपा आहे. भारतीयाला तेथे व्हिसा नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र चालते.

मॉरिशसचे तसे नाही. १८३४ नंतर करारावरचे मजूर म्हणून मराठी माणसे जेथे गेली, त्या बेटावर भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. मात्र उतरल्यावर अधिकारी पासपोर्ट, परतीचे तिकीट, मुक्कामाच्या जागेचा पुरावा आणि खर्चापुरता पैसा पाहतो. एक जरी कमी पडले तर माणूस विमानतळावरूनच परत, आणि भाडे बुडाले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पर्यटकाने बाजार पाहावा, भाव विचारावा. सोबत चादरी-टॉवेल नेऊन विकू नयेत. पर्यटकाच्या शिक्क्यावर धंदा किंवा नोकरी करता येत नाही. धंद्यासाठी व्हिसा वेगळा असतो.

नियम बदलत राहतात. म्हणून एजंटाच्या तोंडी शब्दावर न जाता, पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीकडून खात्री करून घ्यावी.