न फिरणारा हुकूम

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात त्या तेलगावात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की कारखान्याच्या चिटबॉयने आणलेली ऊसतोडीची चिठ्ठी हाच पंचक्रोशीतला सर्वश्रेष्ठ हुकूम ठरतो. परंतु क्रमपाळी चुकली तर शेतकी अधिकाऱ्यापुढे गाऱ्हाणे घालून तो फिरवून घेण्याची सोय असते. असा फिरवताच न येणारा हुकूम एकदा सुटला म्हणजे काय होते, याची कथा स्टॅन्ले क्यूब्रिक यांनी 1964 साली ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ या कृष्णधवल चित्रपटात सांगितली. अण्वस्त्रांच्या भयावरचे इतके निर्दय प्रहसन माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

पीटर जॉर्ज यांच्या 1958 च्या ‘रेड अलर्ट’ या गंभीर कादंबरीवरून तितकाच गंभीर चित्रपट काढण्याचा क्यूब्रिक यांचा मूळ इरादा होता. पण पटकथा रचताना प्रत्येक भीषण प्रसंगातून काहीतरी हास्यास्पद डोके वर काढू लागले, तेव्हा ते दडपण्याऐवजी त्यांनी त्यालाच गादीवर बसवले.

रिपर नावाचा अमेरिकी जनरल रशियावर अण्वस्त्रधारी विमाने सोडतो. हुकूम सुटतो तो त्याच्या वेडातून, परंतु तडीस जातो तो इतरांच्या शिस्तीतून. वरिष्ठ मारले गेले तरी कनिष्ठास प्रतिहल्ला करता यावा ही एक तरतूद. शत्रूने खोटा संदेश देऊ नये म्हणून सांकेतिक अक्षरांवाचून विमानातील बिनतारी यंत्राने काहीच ऐकू नये ही दुसरी. सुटी सुटी पाहिली तर दोन्ही शहाणपणाची. एकत्र आली की प्रलय. रशियनांनी तर आपोआप पेटणारे प्रलययंत्रच उभारले आहे, आणि ज्याचा नुसता धाक पुरावा ते यंत्र पक्षाच्या अधिवेशनात जाहीर करण्याच्या हौसेपायी गुप्त ठेवले आहे!

विमाने परत बोलावण्याची अक्षरे ज्या ब्रिटिश अधिकाऱ्यास उमगली, त्याच्यापाशी राष्ट्राध्यक्षांना फोन लावण्यापुरती मोड नसते. शीतपेयाच्या यंत्रावर गोळी झाडून नाणी काढून दे, अशी त्याने विनवणी केल्यावर समोरचा कर्नल ती खाजगी मालमत्ता असल्याची हरकत घेतो, आणि अखेर नाइलाजाने गोळी झाडताना कोका-कोला कंपनीला जाब द्यावा लागेल अशी तंबीही देतो. हा अधिकारी, राष्ट्राध्यक्ष आणि स्वतः स्ट्रेंजलव्ह या तिन्ही भूमिका पीटर सेलर्स यांच्याच.

केन अॅडम यांनी शेपर्टनच्या स्टुडिओत उभारलेल्या युद्धकक्षातील विशाल वर्तुळाकार मेजावर हिरवे कापड अंथरले होते. प्रेक्षकांस तो रंग दिसणार नव्हता, पण आपण जगाच्या दैवाचा जुगार खेळत आहोत याची नटांना जाणीव राहावी, हा हेतू. याच दालनात मुत्सद्दी व सेनानी एकमेकांवर मलईचे केक फेकतात असा शेवटही चित्रित झाला होता. क्यूब्रिक यांनी तो गाळला, कारण ती निव्वळ धुळवड झाली असती, आणि हा चित्रपट हसवतो तो त्यातील माणसे अखेरपर्यंत दप्तरी गांभीर्याने वागतात म्हणून.