उतारा नसलेली आकलनपरीक्षा

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी परिसरात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. मराठवाड्यातल्या बारावी विज्ञानाच्या ज्या मुलामुलींना तिथे बीडीएस करायचे आहे, त्यांच्यासाठी दार एकच, नीट ही प्रवेशपरीक्षा. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला ४ आणि चुकीच्या उत्तराला १ वजा. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ४५-४५. २०२५ च्या परीक्षेत ऐच्छिक प्रश्न गेले आणि वेळ १८० मिनिटांवर आला, म्हणजे सरासरीने एका प्रश्नाला एक मिनिट. या परीक्षेत वाचन-आकलनाचा वेगळा विभाग नाही. उतारा नाही, उताऱ्याखालचे प्रश्न नाहीत, आणि म्हणून वाचायचे कसे हे शिकवणारा तासही कुठल्या क्लासच्या वेळापत्रकात सहसा दिसत नाही. माझे म्हणणे असे आहे की हा विभाग नाही असे समजणे हीच मोठी चूक आहे. तो १८० तुकड्यांत विखुरलेला आहे. प्रत्येक प्रश्न हा एक छोटा उतारा आहे, आणि अभ्यास झालेल्या विद्यार्थ्याचे बरेचसे गुण माहितीच्या अभावी नव्हे, तर हा उतारा नीट न वाचल्यामुळे जातात.

अमेरिकेत हा विभाग उघडपणे आहे. तिथल्या दंतवैद्यकाच्या प्रवेशासाठी अमेरिकन डेंटल असोसिएशनची परीक्षा १९५० पासून देशपातळीवर घेतली जाते. तिच्यात वाचनाचे तीन उतारे असतात, त्यांवर ५० प्रश्न आणि एकूण ६० मिनिटे. उतारे मूलभूत किंवा दंतविज्ञानाचे असतात आणि विषय आधी माहीत असण्याची अपेक्षा नसते. तिथल्या उमेदवारांमध्ये दोन पंथ आहेत. एक पंथ आधी प्रश्न वाचतो आणि मग उताऱ्यात त्यातला शब्द हुडकतो, दुसरा आधी उतारा शेवटपर्यंत वाचून कोणत्या परिच्छेदात काय आहे याचा मनात नकाशा करतो. पहिली रीत तपशिलाच्या प्रश्नांना चालते, कारण उत्तर एका ओळीत पडलेले असते. दोन परिच्छेदांतल्या गोष्टी जोडून निष्कर्ष काढायचा असला की ती थकते, कारण हुडकायला एकच शब्द उरत नाही. नीटचे प्रश्नही असेच दोन जातींचे आहेत, आणि गेल्या काही वर्षांत दुसरी जात ठळक झाली आहे. दोन विधाने देऊन त्यांची सत्यता विचारणे, विधान आणि कारण यांचा संबंध तपासायला लावणे, स्तंभ जुळवणे. ओळखीचा शब्द दिसला की गोल रंगवणाऱ्या मुलाला या प्रश्नांत जागोजागी अडखळावे लागते.

एक नमुना पाहू. तो मुद्दाम दातांवरचा घेतला आहे. २०२४ पासून पचनाचे प्रकरण नीटच्या अभ्यासक्रमात नसल्यामुळे नेमका हाच प्रश्न यायचा नाही, पण साचा तोच आहे. विधान: दाताचे इनॅमल एकदा झिजले की शरीर ते नव्याने घडवू शकत नाही. कारण: इनॅमल हा मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. दोन्ही वाक्ये खरी आहेत. अभ्यास केलेल्या मुलाला दोन्ही ओळखीची वाटतात, आणि मन त्यांच्या मध्ये आपोआप एक ‘म्हणून’ घालते. इतका कठीण पदार्थ, म्हणून शरीराला तो पुन्हा जमत नाही. ऐकायला पटण्यासारखे आहे आणि चुकीचे आहे. इनॅमल घडवणाऱ्या पेशींना अमेलोब्लास्ट म्हणतात. दात हिरडीतून वर येईपर्यंत त्या पेशी नाहीशा होतात, मग घडवणार कोण? कठीणपणा येतो तो वजनाने सुमारे ९६ टक्के असलेल्या खनिजामुळे, आणि त्याचा पेशींच्या असण्यानसण्याशी संबंध नाही. हा प्रश्न वाचणाऱ्याला तीन स्वतंत्र निवाडे करायचे आहेत. विधान खरे का, कारण खरे का, आणि दुसऱ्याने पहिले घडते का. घाईने वाचणारा पहिले दोन करतो आणि तिसरा गृहीत धरतो. तिसऱ्या निवाड्यासाठी एक साधी कसोटी आहे, कारण क्षणभर खोटे माना आणि विधान टिकते का ते पाहा. इनॅमल मऊ असते तर त्या पेशी परत आल्या असत्या का? नाही. मग हे कारण या विधानाचे नव्हे.

मन असा ‘म्हणून’ का घालते, याचे उत्तर वाचनाच्या मानसशास्त्रात आहे. वॉल्टर किंच या संशोधकाने आकलनाचे दोन थर वेगळे केले. एक थर मजकुरात प्रत्यक्ष लिहिलेल्या गोष्टींचा, दुसरा त्या मजकुरावरून आणि आपल्या पूर्वज्ञानातून मनात उभ्या राहणाऱ्या चित्राचा. चांगले वाचन म्हणजे दुसरा थर बांधणे. पण तो बांधताना मन फटी आपल्याच सामानाने बुजवते आणि पुष्कळदा वाचकाला त्याचा पत्ता लागत नाही. हा प्रश्न पाहा: अभिमन्यूच्या मृत्यूचा सूड म्हणून भीमाने जयद्रथाचा वध युद्धाच्या कितव्या दिवशी केला? महाभारत माहीत असलेला वाचक तेरावा की चौदावा असे मोजू लागतो आणि चौदावा म्हणून मोकळा होतो. जयद्रथाला मारले अर्जुनाने. ही गोष्ट ठाऊक असूनही ‘भीम’ शब्द नजरेखालून सहज निघून जातो, कारण तोही पांडव आहे आणि प्रसंगात सहज खपतो. एरिक्सन आणि मॅटसन यांनी १९८१ मध्ये बायबलमधल्या नोहाच्या जागी मोझेसचे नाव घालून अगदी असाच प्रयोग केला. योग्य नाव माहीत असलेले पुष्कळ लोक त्यात फसले. प्रश्नपत्रिकेत ‘धमनी’च्या जागी ‘शीर’ किंवा ‘अर्धसूत्री’च्या जागी ‘समसूत्री’ आले की हेच घडते. इथे कमी पडलेली गोष्ट माहिती नसून छापलेल्या शब्दाशी ती ताडून पाहण्याची सवय आहे.

मराठीतून पेपर देणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, आणि तिच्याकडे फारसे कुणी लक्ष वेधत नाही. नकार समजायला होकारापेक्षा जास्त वेळ लागतो हे क्लार्क आणि चेस यांच्या १९७२ च्या प्रयोगांत दिसले आहे. इंग्रजी प्रश्नात नकाराचा शब्द बहुधा क्रियापदाला लागून, वाक्य संपण्याआधीच येतो. मराठीत क्रियापद शेवटी, आणि ‘नाही’ त्याच्याही मागे. वाक्य संपायच्या आत पर्यायांकडे उडी मारणाऱ्या मुलाच्या वाट्याला मराठीत वाक्याचा नेमका उलटा अर्थ येतो. त्यात ‘अ’ या उपसर्गाची गंमत नव्हे, अडचण आहे. ‘अयोग्य विधान’ म्हणजे चुकीचे, पण ‘अचूक विधान’ म्हणजे बरोबर. एकच अक्षर एका ठिकाणी अर्थ बिघडवते आणि दुसऱ्या ठिकाणी सावरते. सलग पाच प्रश्नांत ‘अयोग्य’ वाचून सहाव्यात ‘अचूक’ आले तर थकलेला डोळा कुठे जाईल हे सांगायला नको. उपाय साधा आहे. प्रश्नातला हा एक शब्द पेनने गोल करावा आणि मनात ‘मला बरोबर हवे’ किंवा ‘मला चूक हवे’ असे सरळ वाक्य करून मगच पर्यायांकडे जावे. गुणांचा हिशेब पाहिला तर या दोन सेकंदांची किंमत कळते. येत असलेला प्रश्न चुकीचा वाचला की ४ हातचे जातात आणि १ वजा होतो. असे दहा प्रश्न म्हणजे ५० गुण.

यावर पहिला आक्षेप येईल तो अनुभवी शिक्षकांचा. गुण ज्ञानाचे असतात, एनसीईआरटीचे पुस्तक पाठ असलेल्या मुलाला वाचनाच्या युक्त्या कशाला? या आक्षेपात खूप तथ्य आहे, माझ्या बाजूच्या अनेकांना वाटते त्याहून जास्त. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले आणि लाकडी बाहुल्या वापरून तो डाव मांडायला सांगितले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे क्रिकेट घेऊन हा प्रयोग केला तर निकाल वेगळा लागेल असे मला वाटत नाही. म्हणजे आकलन हे विषयापासून सुटे काढून शिकवता येणारे कसब नाही. कोणत्याही उताऱ्याला चालणारी किल्ली विकणाऱ्या शिबिरांवर पैसे घालवू नयेत, हे यातून निघतेच. पण त्याच प्रयोगातून हेही निघते की ज्ञान कामी येते ते वाचलेल्या वाक्याचे चित्र उभे करताना. पाठ केलेली ओळ आणि चित्र उभे करणारी समज यांत फरक आहे. इनॅमलची दोन्ही वाक्ये पाठ असलेला मुलगा तिसऱ्या निवाड्यात चुकतो तो या फरकामुळे. म्हणून आकलन शिकवायचे ते जीवशास्त्राच्याच तासाला, जीवशास्त्राच्याच पानावर.

दुसरा आक्षेप वेळेचा. एका मिनिटात इतके सावकाश कोण वाचणार, त्यापेक्षा वेगवाचन शिकवा. मार्क ब्रिसबार्ट यांनी १९० अभ्यासांचा ताळा घेऊन २०१९ मध्ये दाखवले की प्रौढ माणूस इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचतो तो मिनिटाला सरासरी २३८ शब्दांच्या गतीने. शंभर शब्दांचा लांब प्रश्न म्हणजे २५ सेकंद. ज्याच्यासाठी इंग्रजी ही शिकलेली भाषा आहे त्याला आणखी काही. मिनिटात हे बसते, एकदाच वाचले तर. घाईने वाचून, पर्याय पाहून, गोंधळून पुन्हा वर येऊन वाचले की ५० सेकंद वाचनातच संपतात आणि विचाराला उरतात दहा. वेळ खातो तो दुसरा आणि तिसरा फेरा. वेगवाचनाबद्दल कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सारा पुरावा तपासला, आणि निष्कर्ष असा की वेग फार वाढवला की आकलन घटते. वाचनाला मर्यादा डोळ्यांच्या हालचालीची कमी आणि भाषा उमगण्याच्या गतीची जास्त असते. ‘आधी पर्याय बघा’ हा क्लासमधला सल्लाही सरसकट घेऊ नये. स्तंभ जुळवण्यात तो उपयोगी आहे, एक जोडी पक्की माहीत असली की दोन पर्याय तिथेच बाद होतात. विधानांच्या प्रश्नात मात्र आपले मत बनण्याआधीच तीन पटण्याजोगी असत्ये डोक्यात शिरतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो न्यायाचा आहे. मूळ प्रश्न भाषेचा आहे, वाचनाचा नव्हे, असे म्हणणारे चुकीचे नाहीत. नीट आज १३ भाषांत होते. मराठी २०१७ पासून त्यात आहे आणि उर्दू २०१८ पासून, आणि संभाजीनगरसारख्या मराठी-उर्दू शाळांच्या शहरात या दोन्हींचे मोल मोठे आहे. पण प्रादेशिक भाषेच्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजी मजकूरही सोबत असतो आणि भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजीच अंतिम धरली जाते. २०१८ मध्ये तमिळ पेपरातल्या ४९ प्रश्नांच्या भाषांतरावरून वाद झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने १९६ गुण देण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. आपल्याकडे पेच वेगळाही आहे. सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलीने मायटोकाँड्रिया हा शब्द कॉलेजात ऐकलेला असतो आणि मराठी पेपरात तिला तंतुकणिका भेटते. तर्काची वाक्ये तिला मराठीत लवकर उमगतात, संज्ञा मात्र इंग्रजीत. तिने एकच भाषा निवडून दुसरीकडे पाठ फिरवणे हे नुकसानीचे आहे. दोन्ही मजकूर समोर आहेत तर वाक्याची रचना मराठीत घ्यावी आणि संज्ञा इंग्रजी ओळीत ताडून पाहाव्यात. त्यासाठी सराव परीक्षाही द्विभाषिकच हव्यात, आणि अकरावीपासून वहीत प्रत्येक संज्ञेचे दोन्ही शब्द शेजारी शेजारी हवेत. भाषांतर निर्दोष करणे हे परीक्षा घेणाऱ्यांचे कर्तव्य आहे आणि त्याची मागणी होत राहिली पाहिजे. ती पुरी होईपर्यंत विद्यार्थ्याच्या हाती असलेली ढाल एवढीच आहे.

मग पान वाचायचे कसे? सर्वाधिक दिसणारी रीत म्हणजे रंगीत हायलायटर आणि पुन्हा पुन्हा वाचन. जॉन डनलॉस्की यांच्या गटाने २०१३ मध्ये दहा अभ्यासतंत्रे तपासली तेव्हा ही दोन्ही कमी उपयोगाची ठरली. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागून करणे ही दोन सर्वांत वरची. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दोनदा वाचणाऱ्यांना आठवड्याने सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, तर एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाचच मिनिटांनी विचारले तेव्हा चित्र उलटे होते, दोनदा वाचणारे पुढे होते. पुनर्वाचनाने मिळणारा आत्मविश्वास याच पाच मिनिटांचा असतो. परिच्छेद वाचून पुस्तक मिटावे, त्यातली दोन विधाने आठवून लिहावीत आणि त्यांच्यात कार्यकारण आहे की नुसते शेजारीपण, हे पुस्तक उघडून तपासावे. लाल रक्तपेशीत केंद्रक नसते आणि तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, या दोन वाक्यांचे नाते काय, असा प्रश्न स्वतःच घालावा. बहुपर्यायी सरावाबद्दल एक सावधगिरी आहे. रोडिगर आणि मार्श यांनी २००५ मध्ये दाखवले की चुकीचे पर्यायही वाचून वाचून खरे वाटू लागतात. सराव परीक्षेनंतर लगेच बरोबर उत्तर आणि त्याचे कारण समजले तर हे नुकसान बरेच टळते. रविवारी पेपर आणि गुरुवारी नुसती गुणांची यादी, हा क्रम म्हणून बदलायला हवा. त्या यादीत प्रत्येक चुकीसमोर एक रकाना असावा. उत्तर माहीत नव्हते, की माहीत असून प्रश्न वेगळाच वाचला? दुसरे असेल तर चुकलेला नेमका शब्द तिथे लिहावा. महिनाभरात त्या रकान्यात तेच ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागतील: ‘फक्त’, ‘सर्व’, ‘वगळता’, ‘अयोग्य’, ‘अचूक’.